डब्यांचा आठवडा बुधवारी सुरू होतो

१२ जानेवारी, रविवार. दुपार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. सिन्योरा एर्सिलिया जेवून झोपली आहे. अडीच ते साडेचार माझे.

नोंद करावी असं एकच आहे. मुलींचे शाळेचे डबे यापुढे मी करणार. इथून. फेरारातून.

वेडेपणा वाटेल. (कोणाला? वाचणारं कोणी नाही.) मुली रोमानियात, वास्लुईजवळच्या आमच्या गावात. मी इटलीत, शहाऐंशी वर्षांच्या सिन्योराला सांभाळते. मध्ये दोन देश. पण गाव्रिलची मिनीबस दर रविवारी दुपारी इथून निघते आणि मंगळवारी सकाळी गावात पोचते. गावातल्या सगळ्या बायका तिच्यातून कपड्यांची पावडर, कॉफी आणि चॉकलेटं पाठवतात. मी काय वेगळं करतेय? फक्त जास्त विचार करून करतेय.

नववर्षाच्या फोनवर मी इलिंकाला विचारलं, "डब्यात काय आवडतं गं तुला?" इलिंका माझी धाकटी, सात वर्षांची. तिने फोन बाजूला धरला आणि ओरडली, "आत्या, मला डब्यात काय आवडतं?" आतून साफ्ताचा आवाज आला, "चरबी लावलेला पाव आणि कांदा." इलिंकाने ते मला जसंच्या तसं सांगितलं.

साफ्ता म्हणजे माझ्या नवऱ्याची, तोआदेरची, थोरली बहीण. मी इकडे आले तेव्हा वर्षभरासाठी म्हणून आमच्या घरी राहायला आली. साडेतीन वर्षं झाली. तिचा दोष नाही. पण चरबी!

माझं म्हणणं सरळ आहे. माझ्या हातचं रोज त्यांच्या पोटात गेलं, तर मुली माझ्या राहतील. फोनवर काय, कोणीही बोलतं.

संकल्प: साखर नाही, मैदा नाही, तळण नाही. ईस्टरला मी कायमची घरी जाणार आहेच. म्हणजे तीन महिन्यांचा प्रश्न. सहज जमेल.

१९ जानेवारी, रविवार

पहिलं पार्सल गेलं.

पाच डबे. आधी लेबलं सोमवार ते शुक्रवार लावली होती. मग लक्षात आलं, पार्सल पोचतं मंगळवारी. लेबलं काढली, पुन्हा लावली: बुधवार, गुरुवार, शुक्रवार, सोमवार, मंगळवार. मुलींना फोन करून सांगितलं, आपल्या डब्यांचा आठवडा बुधवारी सुरू होतो. थोरली स्मारांडा बारा वर्षांची आहे, हुशार आहे. म्हणाली, "बरं, आई." एकही प्रश्न विचारला नाही. म्हणजे पटलं.

आत काय: ओट आणि गाजराची बिस्किटं. चण्याच्या पिठाच्या भाजलेल्या कुरकुरीत पट्ट्या. खजूर-अक्रोडाचे लाडू. तीळ आणि मधाच्या वड्या. सुकवलेल्या सफरचंदाच्या चकत्या.

बस स्मशानाच्या मागच्या पार्किंगमध्ये उभी राहते. सगळ्या बायका आपापली खोकी घेऊन तिथे. गाव्रिलने माझं खोकं उचलून हलवून बघितलं. "ताई, हे इतकं हलकं कसं? विसरलात की काय काही टाकायला?" मी म्हटलं, पौष्टिक असतं ते हलकंच असतं. मागे कोणीतरी हसलं. त्या बायका पाठवतात काय, तर पाच किलो चॉकलेट. आणि मग पोरांचे दात किडले की इथे बसून रडतात.

२२ जानेवारी, बुधवार. सकाळी ७:४०

फोटो आला! उघडा डबा, गाजराची बिस्किटं, मागे हिरव्या स्वेटरमधली इलिंका. खाली स्मारांडाने लिहिलंय, "आवडलं."

सिन्योराच्या कॉफीत दोनदा साखर घातली. तिने तक्रार केली नाही.

२५ जानेवारी, शनिवार

गाव्रिल गुरुवारी गावातून निघतो आणि शनिवारी इथे पोचतो. आज पाचही डबे परत आले. रिकामे, घासून पुसून. सोबत साफ्ताने भाजलेल्या वांगी-मिरच्यांची एक बरणी पाठवली आहे. चिठ्ठी नाही. ती कधीच चिठ्ठी लिहीत नाही.

पाचही डबे! म्हणजे सोमवार-मंगळवारचंसुद्धा गुरुवारच्या आत संपवलं. इतकं आवडेल असं मलाही वाटलं नव्हतं. पुढच्या वेळी जास्त करायला हवं.

२८ जानेवारी, मंगळवार

मंगळवारच्या डब्याचा फोटो आला, सफरचंदाच्या चकत्या. तो डबा इथे माझ्या ओट्यावर वाळत पडलाय. (परवा डब्यांचा दुसरा संच गेला.) जरा गोंधळले. मग ध्यानात आलं, डबे सगळे सारखेच दिसतात. साफ्ताकडेही तसला एखादा असणार.

२ फेब्रुवारी, रविवार

पार्किंगमध्ये गाव्रिल म्हणाला, "ताई, त्या तिळाच्या वड्या जरा कडक होतात हो. आणि चण्याच्या पट्ट्यांना मीठ कमी पडलं."

त्याला कसं माहीत? मुली सांगतात, दुसरं काय! डब्याचं कौतुक ड्रायव्हरपर्यंत पोचलंय. मीठ वाढवते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

करून बघितलेलं सगळं सिन्योरा खाते. बिघडलेलं, करपलेलं, वाकडं. आधी मी तिला नको म्हणत होते, हे मुलांसाठी आहे. ती म्हणाली, "झीटा, मुलं आणि मी आता एकच." (झम्फिरा तिला म्हणता येत नाही. साडेतीन वर्षं मी झीटा आहे.) आता रोज सकाळी विचारते, "आज आपण कोणता वार खायचा?"

आज डॉक्टर आले होते. रक्तदाब छान, पोट छान. तिची मुलगी दोनाता बोलोन्याहून आली होती. म्हणाली, "झीटा, तू जादू केलीस. आई अशी कधी खातच नव्हती." माझा हात हातात धरून म्हणाली. बरं वाटलं. नंतर बरं वाटलं याचा राग आला. बिस्किटं कोणासाठी केली होती?

२० फेब्रुवारी, गुरुवार

तोआदेरने फोनवर सहज सांगितलं की या आठवड्यात शाळेला सुट्टी आहे, पोरी दिवसभर घसरगाडी घेऊन बर्फात, टेकडीवर असतात.

डब्याचे फोटो मात्र काल आणि आज दोन्ही दिवस आले. वेळेवर, ७:४०ला.

म्हणजे सुट्टीतसुद्धा डबा भरून मागतात! सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार. पार्सल देऊन आल्यावर

व्हिडिओवर इलिंका हसली आणि मला तिचं तोंड दिसलं. पुढचे वरचे दोन दात नाहीत. मी किंचाळले. "कधी पडले?" ती म्हणाली, "एक ख्रिसमसच्या आधी, एक नंतर." मग तोंड मिटून घेतलं.

म्हणजे मी तिळाच्या वड्या पाठवत होते तेव्हा तिला पुढचे दातच नव्हते. हे मला कोणी सांगायला नको? स्मारांडाला विचारलं तर म्हणाली, "तू खूप खूश होतीस, आई." हे काय उत्तर झालं?

साफ्ताचा निष्काळजीपणा. लिहून ठेवते म्हणजे विसरणार नाही.

पुढच्या आठवड्यापासून सगळं मऊ. पालकाचे मफिन. अंडं, दही, पालक, थोडं चीज. तोंडात विरघळतील.

५ मार्च, बुधवार

आज फोटो नाही.

साफ्ताचा फोन. ती स्वतःहून कधी करत नाही. "झम्फिरा, सोमवारी ईस्टरआधीचा मोठा उपवास सुरू झाला, आठवतं का? पहिल्या आठवड्यात घरात अंडं नाही, दूध नाही, चीज नाही. तुझ्या त्या हिरव्या केकमध्ये तिन्ही आहेत."

विसरले. मी! लग्नाआधी सात आठवडे काटेकोर उपवास करणारी मी. इथे या लोकांचा उपवास म्हणजे शुक्रवारी मासे खायचे. दिवस कळतच नाहीत.

"मुलांना कुठे असतो उपवास?" मी म्हटलं. साफ्ता म्हणाली, "इलिंका स्वतःहून करतेय. पहिल्यांदाच. माझ्याबरोबर. मी म्हटलं तिला, तू लहान आहेस. ऐकत नाही."

मी म्हटलं, मग त्या मफिनचं काय केलंस? "कोंबड्यांना घातले," साफ्ता म्हणाली. मग जरा थांबून, "कोंबड्यांना आवडले हं."

ती टोमणा मारत होती की दिलासा देत होती, कळलं नाही. साफ्ताचं हे असंच असतं.

९ मार्च, रविवार

उपवासाची बिस्किटं. ओट, सूर्यफुलाच्या बिया, केळं, दालचिनी. अंडं नाही, दूध नाही. पुन्हा अशी चूक नाही.

सिन्योरा म्हणाली, "आज तर उपवास खाल्ला मी."

१२ मार्च, बुधवार. सकाळी

सगळे फोटो एकत्र लावून बघितले. ओव्हन तापेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

प्रत्येक आठवड्यात पाचही दिवस इलिंकाच्या अंगात तोच स्वेटर. जानेवारीत पाच दिवस हिरवा. मग एक आठवडा पाच दिवस निळा. मग पुन्हा हिरवा. बाहीवरचा जामचा डागसुद्धा बुधवारपासून मंगळवारपर्यंत तोच. मी दर महिन्याला कपड्यांची पावडर पाठवते आणि साफ्ता आठवडाभर पोरीचा स्वेटर बदलत नाही! सकाळी सकाळी फोन केला. बरंच बोलले. स्वच्छता, शाळेतली इज्जत, लोक काय म्हणतील, आई जवळ नाही म्हणून पोरीला असं ठेवायचं का, वगैरे. साफ्ताने सगळं ऐकून घेतलं. शेवटी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मला हलकं वाटलं. कधीतरी बोलायलाच हवं होतं.

१२ मार्च. दुपारी ३

शाळेतून आल्या आल्या स्मारांडाचा फोन. रडत होती, आणि रडताना तिचा आवाज थेट माझ्यासारखा होतो हे मला पहिल्यांदा कळलं.

म्हणाली, "आत्याला बोलू नकोस. आत्या रोज कपडे धुते. फोटो मी काढते, मंगळवारी. पार्सल आलं की पाचही डबे उघडायचे, इलिंकाला उभं करायचं, एकामागून एक पाच काढायचे. मग रोज सकाळी एक पाठवायचा. माझी आयडिया आहे. आत्याला आवडलं नव्हतं ते."

मी म्हटलं, "पण का गं?"

"तू विचारतेस ना रोज, म्हणून."

मी विचारलं, मग खाता कधी? ती म्हणाली, "खातो की आम्ही. थोडं थोडं."

१३ मार्च, गुरुवार

शांतपणे विचार केला. मुलींनी माझं मन दुखू नये म्हणून इतका खटाटोप केला. दर आठवड्याला पाच फोटो! ज्या आईची कोणाला पर्वा नाही, तिच्यासाठी कोणी इतकं करेल का? नाही. म्हणजे झालं ते चांगलंच झालं.

आणि थोडं थोडं खातात, हे ती स्वतःच म्हणाली.

साफ्ताची माफी मागायला हवी. ईस्टरला समोरासमोर मागेन. फोनवर बरं दिसत नाही.

१६ मार्च, रविवार

यापुढे डबे बंद. फक्त कपड्यांची पावडर आणि कॉफी पाठवली. इतर बायकांसारखी रांगेत उभी राहिले. गाव्रिल म्हणाला, "ताई, आज खाऊ नाही?" चेहरा उतरला होता त्याचा.

२३ मार्च, रविवार

डबे सुरू. बंद ठेवून काय मिळवलं? आठवडाभर हातांना सुचत नव्हतं. सिन्योरासुद्धा वार विचारत राहिली. कमी पाठवले, तीनच. फोटो नको म्हणून सांगितलं. "बरं, आई."

३ एप्रिल, गुरुवार

दोनाताला सांगून टाकायचं ठरवलं होतं की मी ईस्टरला जातेय ती कायमची. वाक्यं पाठ केली होती. ती आली, आईला मिठी मारली, माझ्याकडे वळून म्हणाली, "झीटा, तू नसतीस तर आईला कधीच वृद्धाश्रमात ठेवावं लागलं असतं."

मी म्हटलं, मला तीन आठवड्यांची रजा हवी आहे.

तीन आठवडे म्हणजे सुरुवात. तिथून फोन करून पुढचं सांगता येईल. तोंडावर सांगून तिला दुखवण्यात काय अर्थ? तिची मावसबहीण येऊन राहणार आहे. तिला लिहून दिलंय: मऊ, कमी मीठ, बिया बारीक करून.

१३ एप्रिल, रविवार. मिनीबस

चालले! मुलींना सांगितलेलं नाही. मंगळवारी सकाळी पार्सलऐवजी मीच उतरणार. मागे खोकी, पुढे आम्ही आठ जण. मांडीवर ओट, खजूर, दालचिनी, मफिनचे साचे. पहिल्या दिवसापासून डबा. ताजा. गरम.

१४ एप्रिल, सोमवार. मिनीबस, हंगेरीत कुठेतरी

शेजारच्या बाईने मला निरखून बघितलं. गोल चेहऱ्याची, नाव आग्रिपिना, पलीकडच्या गावची. दर महिन्याला ये-जा करते. म्हणाली, "गाव्रिल, ह्याच का त्या?" गाव्रिलने आरशातून बघितलं आणि मान हलवली.

"अगंबाई, गाजरवाल्या तुम्ही!" ती म्हणाली. "परतीच्या प्रवासाला काय आधार आहे म्हणून सांगू तुमचा. ते खजुराचे लाडू तर अहाहा! आम्ही भांडतो त्यावरून."

मी गाव्रिलला विचारलं. त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "ताई, तुमची नणंद देते गुरुवारी, पिशवीत भरून. पोरी खात नाहीत म्हणाली, आणि अन्न टाकणं पाप. प्रवासातल्या माणसांना तरी द्या म्हणाली. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मिठाचं मी सांगत होतो ना तुम्हाला."

आग्रिपिनाने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "पण छान असतात हो."

तीन महिने मी वास्लुई-फेरारा गाडीचा खाऊ करत होते.

असो. मऊ राहत नसणार दोन दिवसांनी. ताज्याची गोष्टच वेगळी. तिथे पोचल्यावर बघू.

१५ एप्रिल, मंगळवार. घर

मुली शाळेत होत्या. साफ्ता अंगणात कपडे वाळत घालत होती. हिरवा स्वेटर, निळा स्वेटर, सगळे. मला बघून चिमटे हातातून पडले. "कळवायचं तरी, काहीतरी रांधलं असतं," म्हणाली. मग मला बसवलं, सूप वाढलं, समोर उभी राहिली. माझ्याच स्वयंपाकघरात मी बसले आणि ती उभी.

स्वेटरचं बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "सूप गार होतंय."

दुपारी मुली आल्या. स्मारांडा धावत आली. इलिंका दारात थांबली, आधी साफ्ताकडे बघितलं, मग आली. लाजते. सात वर्षांची मुलं लाजतातच.

२० एप्रिल, रविवार. ईस्टर

लाल अंडी, कोकरू, गोड पाव. सगळं साफ्ताने केलं. मी मदत करायला गेले तर भांडी कुठे ठेवतात ते विचारावं लागलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तोआदेर म्हणाला, "बस ना जरा. रजेवर आलीयेस." मी म्हटलं, मी रजेवर नाही. त्याने अंडं सोलून माझ्या ताटात ठेवलं आणि दुसरा विषय काढला.

२८ एप्रिल, सोमवार. सकाळी ९

सुट्टी संपली. शाळा.

साडेपाचला उठले. पालकाचे मफिन, ताजे, गरम. ओट-केळ्याची बिस्किटं. सफरचंदाच्या फोडी, लिंबू लावून, काळ्या पडू नयेत म्हणून. साफ्ता उठून आली, ओव्हनकडे बघितलं, आणि पाव कापायची सुरी परत खणात ठेवून दिली. मोठ्या मनाची आहे, हे मान्य करते.

स्मारांडाने डबा घेतला आणि म्हणाली, "आई, मी मोठी आहे आता, आम्ही दुकानातून घेतो सगळ्या." पण घेतला. इलिंकाने दोन्ही हातांनी घेतला.

दुपारी १: इलिंकाचा डबा रिकामा. पूर्ण! शिक्षिकाबाईंना वाटेत भेटून विचारलं. त्या म्हणाल्या, "खाल्लं की, बसून सगळं खाल्लं." साक्षीदार आहे. फोटो नाही, साक्षीदार!

२९ एप्रिल, मंगळवार

रिकामा. एक कण नाही.

आता दोनाताला फोन करायला हरकत नाही. उद्या करते. वाक्यं पुन्हा पाठ करावी लागतील.

साफ्ताला कुठे जायचं असेल तर तिनेही आता मोकळं व्हावं. तिचं तिच्या गावात घर आहे. साडेतीन वर्षं बंद आहे बिचारीचं. हे तिला गोडीत सांगेन.

३० एप्रिल, बुधवार

रिकामा.

मी इलिंकाला मांडीवर घेतलं. ती बसली, जरा ताठ. मी विचारलं, "तिन्ही दिवसांत सगळ्यात काय आवडलं?"

"सगळं."

"असं नाही. एक सांग."

ती विचारात पडली. खरोखर आठवून बघत होती. मग म्हणाली, "हिरवं मला गिळवत नाही. पण पाण्याबरोबर जातं."

"मग खाल्लंस कशाला, सोन्या?"

"आत्या म्हणाली, पाहुणे प्रेमाने करतात, त्यांचं मन मोडायचं नाही. ते आहेत तोवर निमूट खायचं." हे तिने मला समजावून सांगितलं. पाहुण्यांच्या बाबतीतले नियम मला माहीत नसावेत, अशा आवाजात.

साफ्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. तिचा चेहरा असा झाला की मला तिचीच दया आली. "मी पाहुणे असं नव्हतं म्हटलं, झम्फिरा," ती म्हणाली. "देवाशपथ. मी आई म्हटलं होतं. तिने आपल्या मनाने पाहुणे केलं."

याने बरं वाटायला हवं होतं.

मग इलिंकाने विचारलं, "तुझी बस कधी आहे?" रागाने नाही, कंटाळून नाही. नुसतं विचारलं. तिला उद्याचं ठरवायचं होतं, १ मेची सुट्टी होती, आत्याबरोबर जंगलात जायचं की नाही ते.

गाव्रिलची बस गुरुवारी निघते.

"उद्या," मी म्हटलं.

तिने मान हलवली, मांडीवरून उतरली आणि साफ्ताला म्हणाली, "मग जंगलात शुक्रवारी जाऊ या."

गाव्रिलला फोन केला. जागा आहे का विचारलं. "तुमच्यासाठी केव्हाही, ताई."

साफ्ताची माफी मागितली, स्वेटरची. ती म्हणाली, "कोणता स्वेटर?" आणि माझी बॅग भरायला लागली. ती माझ्यापेक्षा चांगली भरते.

१ मे, गुरुवार. मिनीबस

सिबिऊच्या अलीकडे गाडी थांबली. सगळ्यांनी आपापलं खायला काढलं.

निघताना इलिंकाने एक पुडी हातात दिली होती. "मी केलंय. आत्याने फक्त सुरी धरायला शिकवलं." पावाच्या दोन चकत्या, मध्ये चरबी, कांद्याच्या जाड फोडी. चारी बाजूंच्या कडा कापून टाकलेल्या. सरळ, एकसारख्या. बराच वेळ लागला असणार तिला.

साफ्ताच्या वरच्या दाढा गेल्यात. तिला कडा चाववत नाहीत, म्हणून तिच्यासाठी घरात पावाच्या कडा काढतात. मोठ्या बायकांना असाच लागतो, असं इलिंकाला वाटत असणार.

मला कडा आवडतात. पावात मला तेवढंच आवडतं.

तिला सांगावं म्हणून फोन काढला. मग लिहिलं, "छान झालंय गं. अगदी मला आवडतं तसं."